‘ला प्रोव्हाँस’ आणि संतरीचा प्रश्न

चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जहाजाने जायला साधारण तीन दिवस लागतात. काही वर्षांपूर्वी मी माझी कंपनी घेऊन या मार्गाने गेलो. बहुतेक जवान सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे. त्यांनी समुद्र पाहिला होता तो गणपतीपुळ्याला, घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून. जहाज बंदराबाहेर पडले आणि सरावाची घंटा वाजली. नारिंगी लाइफ जॅकेट घालून सगळ्यांनी ठरलेल्या डेकवर फॉल-इन व्हायचे, एवढेच काम होते. पण हजेरीत चार जण कमी भरले. दोघे खालच्या डेकवर उलट्या करत बसले होते. एक जण जहाजाच्या भलत्याच बाजूला इमानदारीने सावधान उभा होता. चौथा म्हणजे हत्यारांच्या पेट्यांवरचा संतरी. तो जागचा हललाच नव्हता.

मी खाली गेलो तेव्हा त्याने सॅल्यूट केला आणि विचारले, “साहेब, जहाज खरंच बुडायला लागलं तर मी पेट्या सोडायच्या का नाही?”

ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना या प्रश्नाचे वजन सांगायला नको. एक रायफल हरवली तर काय होते, किती चौकशा बसतात, कुणाकुणाची झोप उडते, हे तुम्ही जाणता. मी त्याला पुस्तकी उत्तर दिले, “हुकूम येईपर्यंत जागा सोडायची नाही.” तो “जी साहेब” म्हणाला. मी वर आलो, पण ते उत्तर मला पचले नाही.

त्या पोस्टिंगमध्ये संध्याकाळी वेळ मिळायचा. फौजा वाहून नेणाऱ्या जहाजांविषयी हाताला लागेल ते मी वाचत गेलो. त्यात एक फ्रेंच जहाज भेटले आणि मनातून गेलेच नाही. आज त्याची गोष्ट सांगतो.

जहाजाचे नाव ‘ला प्रोव्हाँस’. फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत बांधलेले, २१ मार्च १९०५ रोजी पाण्यात उतरवलेले. २१ एप्रिल १९०६ रोजी ते ल हाव्र बंदरातून न्यूयॉर्ककडे पहिल्या सफरीवर निघाले. १३,७५३ टनांचे, जवळजवळ १९० मीटर लांब, दोन धुराडी, दोन पंखे आणि वेग २२ नॉटांहून जास्त, म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या वर. त्या काळात फ्रान्सकडे याहून मोठे प्रवासी जहाज नव्हते. मालक कंपनीचे फ्रेंच नाव लांबलचक, पण सगळे जग तिला ‘फ्रेंच लाइन’ म्हणे. वरच्या मजल्यावर पैसेवाल्यांसाठी फ्रेंच स्वयंपाक, दिवाणखाने, झुंबरे. खालच्या मजल्यांवर अमेरिकेत नशीब काढायला निघालेली गरीब माणसे. आणि सगळ्यांच्या खाली बॉयलरपुढे फावड्याने कोळसा ओढणारे भट्टीवाले. सहा दिवसांत अटलांटिक पार होई ते त्यांच्या पाठीच्या जोरावर.

या कंपनीच्या कपाळावर एक डाग होता. ४ जुलै १८९८ रोजी तिचे ‘ला बुर्गोन्य’ हे जहाज कॅनडाजवळ धुक्यात एका ब्रिटिश शिडाच्या जहाजावर आदळून बुडाले. ५४९ माणसे गेली. जहाजावर शेकडो बायका होत्या, त्यांतली एकच वाचली. मुले एकही वाचली नाहीत. वाचलेल्यांत खलाशांचे प्रमाण प्रवाशांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. होड्यांत जागा मिळवण्यासाठी खलाशांनी प्रवाशांना मारहाण केल्याच्या साक्षी वर्तमानपत्रांत छापून आल्या. फ्रेंच खलाशी संकटात फक्त स्वतःचा जीव पाहतो, असे लोक उघड बोलू लागले. ‘ला प्रोव्हाँस’ बांधले गेले ते या बदनामीनंतर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

या जहाजावर वायरलेस होते, तेव्हाची नवलाईची वस्तू. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’ने मदतीची हाक दिली, ती ऐकणाऱ्या अगदी पहिल्या जहाजांत ‘ला प्रोव्हाँस’ होते. मदतीला पोहोचण्याइतके ते जवळ नव्हते. वायरलेसवाल्याच्या हाती कानाला यंत्र लावून ऐकण्याखेरीज काही नव्हते.

‘टायटॅनिक’ बुडायला दोन तास चाळीस मिनिटे लागली. ते फारसे कलले नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या होड्या खाली सोडता आल्या. कमी पडल्या त्या होड्या. मग जगभर एकच बोलणे सुरू झाले, जितकी माणसे तितक्या होड्या हव्यात. जानेवारी १९१४ मध्ये लंडनला त्यावर आंतरराष्ट्रीय करार झाला. आज प्रत्येक जहाजावर घंटा वाजवून जी कवायत होते, तिची मुळे त्या करारात आहेत. पण तो अमलात येण्याआधी महायुद्ध पेटले.

त्या काळात मोठ्या देशांची सरकारे टपाल जहाजांच्या कंपन्यांना पैसे देत, आणि बदल्यात युद्ध आले की जहाज नौदलाच्या स्वाधीन करावे लागे. कल्पना अशी की ही वेगवान जहाजे तोफा चढवल्या की गस्तीची क्रूझर होतील. सप्टेंबर १९१४ मध्ये ब्राझीलजवळ ब्रिटिशांचे ‘कार्मानिया’ आणि जर्मनांचे ‘काप ट्राफाल्गार’ ही दोन प्रवासी जहाजे खरोखर एकमेकांशी लढली आणि जर्मन जहाज बुडाले. पण थोड्याच महिन्यांत सगळ्यांना कळून चुकले की ही जहाजे कोळसा फार खातात आणि त्यांच्या अंगावर चिलखत नाही. मग त्यांना त्यांच्या आकाराला साजेसे काम मिळाले, माणसे वाहण्याचे.

‘ला प्रोव्हाँस’वरही तोफा चढल्या. फ्रेंच नौदलात त्याच नावाची नवी युद्धनौका होती, म्हणून या जहाजाचे नाव ‘प्रोव्हाँस दुसरे’ असे झाले. दिवाणखाने रिकामे झाले. खालच्या मजल्यांवर, जिथे आधी अमेरिकेची स्वप्ने पाहणारे झोपत, तिथे आता सैनिक झोपू लागले.

१९१५ च्या शरद ऋतूत जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि बल्गेरिया यांनी मिळून सर्बियाचा पाडाव केला. सर्बियाचे सैन्य अल्बानियाच्या बर्फाळ डोंगरांतून पायी समुद्राकडे हटले. त्यांच्या मदतीसाठी फ्रेंच आणि ब्रिटिश फौजा ग्रीसमधल्या सालोनिका बंदरात उतरत होत्या. मदत उशिरा पोहोचली, पण आघाडी उघडली ती उघडलीच, आणि तिला माणसे पुरवणे भाग होते.

फेब्रुवारी १९१६ मध्ये ‘प्रोव्हाँस दुसरे’ सालोनिकासाठी फौज घेऊन निघाले. जहाजावर ३ री कलोनियल इन्फंट्री रेजिमेंट होती. नावात कलोनियल असले तरी ही फ्रेंचांचीच पलटण, पूर्वीच्या नौदल पायदळाची वारस. त्यांच्या टोपीवर नांगराची खूण असते आणि फ्रेंच फौजेत त्यांना ‘शिंशुक’ म्हणतात, म्हणजे समुद्रातला तो डॉल्फिनसारखा प्राणी. नाव समुद्राचे आणि खूण नांगराची. पण लढाईच्या दीड वर्षात जुने लोक मेले होते, आणि पलटणीत नवे भरती झालेले कोण असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. शेतावरची, गावाकडची पोरे. आमच्या सातारकरांसारखीच.

आता थोडे गणित. त्या काळची जर्मन पाणबुडी पाण्यावर ताशी १६ नॉटांच्या आसपास आणि पाण्याखाली १० नॉटांहून कमी वेगाने चाले. २२ नॉटांच्या जहाजाचा पाठलाग ती करूच शकत नाही. म्हणून लोक म्हणत, वेगवान जहाजाला भय नाही, वेग हेच त्याचे चिलखत. हिशेब कागदावर बरोबर होता, फक्त त्यात एक गृहीत होते की पाणबुडी पाठलाग करील. ती करत नसे. ती वाट पाहत असे.

नकाशा उघडून पाहा. पश्चिमेकडून सालोनिकाला जाणाऱ्या जहाजाला ग्रीसच्या दक्षिण टोकाला वळसा घालावा लागतो. तिथे मातापान नावाचे भूशीर आहे, आणि त्यापलीकडे बेटांमधल्या मोजक्या वाटा. आपल्याकडे घाटाच्या तोंडाशी दबा धरून बसायचे, तसेच हे. ऑस्ट्रियाच्या कात्तारो बंदरातून निघालेल्या पाणबुडीला भूमध्य समुद्रभर हिंडायची गरज नव्हती. घाट कुठे आहे हे माहीत असले की पुरे.

२६ फेब्रुवारी १९१६ रोजी मातापानच्या दक्षिणेला ‘यू-३५’ ही पाणबुडी होती, कप्तान वाल्डेमार कोफामेल. तिचा टॉर्पेडो लागला आणि ‘प्रोव्हाँस’ झपाट्याने कलले.

या कलण्यातच सगळा अनर्थ आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. होड्या जहाजाच्या दोन्ही बाजूंना कमानींवर टांगलेल्या असतात. जहाज एका बाजूला झुकले की वरच्या बाजूच्या होड्या आत लोंबतात आणि खाली सोडायला गेले की जहाजाच्या पत्र्यावर घासत, अडकत, उलटतात. खालच्या बाजूच्या होड्या इतक्या बाहेर झुलतात की डेक आणि होडी यांत माणूस ओलांडू शकणार नाही एवढे अंतर पडते. म्हणजे होड्या मोजून पुरेशा असल्या तरी हाताशी एकही नाही, असे होऊ शकते. ‘प्रोव्हाँस’वर तेच झाले. बहुतेक होड्या वापरताच आल्या नाहीत. ‘टायटॅनिक’कडून जग शिकले होते की होड्या कमी नसाव्यात. पण त्या खाली सोडायला वेळ आणि सरळ उभे जहाज लागते, हा धडा या जहाजाने दिला.

जहाजावर मोरिस बोकानोव्स्की नावाचे एक अधिकारी होते. ते फ्रेंच संसदेचे सदस्य होते, आणि जन्माने ल हाव्रचे, म्हणजे या जहाजाच्याच गावचे. ते वाचले. पुढे मंत्री झाले आणि १९२८ मध्ये विमान अपघातात गेले. त्या दिवशी जे झाले ते आपल्याला मुख्यतः त्यांच्या तोंडून कळते. त्यांनी सांगितले की जहाजावर घबराट झाली नाही. कप्तान व्हेस्को शेवटपर्यंत पुलावर उभे राहून शांत आवाजात हुकूम देत होते. मागचा भाग पाण्यात जाऊन नाळ उभी राहू लागली, तेव्हा त्यांनी ओरडून निरोप घेतला, “येतो, पोरांनो.” पुढच्या डेकवर गोळा झालेल्या सैनिकांनी फ्रान्सचा जयजयकार करून उत्तर दिले. मग जहाज गेले.

कप्तान गेले. अधिकृत आकड्याप्रमाणे सुमारे ९९० माणसे गेली आणि ७४२ वाचली. वाचलेल्यांना गस्तीच्या बोटींनी माल्टा आणि मिलोस बेटावर पोहोचवले.

अठरा वर्षांपूर्वीचा ‘ला बुर्गोन्य’चा डाग या लोकांनी धुतला, यात शंका नाही. तेच कंपनीचे नाव, तसेच संकट, आणि यावेळी होड्यांसाठी मारामारी नाही, जागेवर उभे राहणे. एक फौजी म्हणून मी त्या कप्तानाला आणि त्या पोरांना सॅल्यूट करतो.

पण सॅल्यूट करून झाल्यावर प्रश्न उरतो. ते इतके शिस्तीने मेले, पण त्यांना मरायची गरज होती का? कप्तानाचा निरोप फ्रान्सभर छापला गेला. त्या निरोपाच्या आवाजात वेगावर भरवसा ठेवणारा हिशेब विचारायचा राहून गेला. पराक्रमाची गोष्ट चांगली असली की चौकशी आपोआप मऊ होते. हे केवळ फ्रेंचांचे दुखणे नाही. वर्दीतल्या प्रत्येक माणसाने आपल्या आठवणीत डोकावून पाहावे.

शिवाय दिवसही असा होता. २१ फेब्रुवारीला व्हर्दनची लढाई सुरू झाली होती आणि २५ ला दुओमाँचा किल्ला पडला होता. दुसऱ्याच दिवशी हे जहाज गेले. सगळ्या देशाचे डोळे व्हर्दनकडे. त्याच आठवड्यात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात घोड्याचे मांस खायचे का नाही या पेचात होत्या. मरणाचा सुकाळ होता. हजार माणसांची बातमी दोन दिवसांत जुनी झाली.

सात महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९१६ रोजी, सार्डिनियाजवळ ‘गालिया’ हे दुसरे फ्रेंच प्रवासी जहाज तशाच मोहिमेवर होते. सालोनिकाला जाणारे फ्रेंच आणि सर्बियन सैनिक खच्चून भरलेले, वेगवान, नागमोडी वाटेने जाणारे. एका टॉर्पेडोत ते बुडाले आणि पुन्हा शेकडो माणसे गेली. पाणबुडी तीच, ‘यू-३५’. फक्त कप्तान नवा. ‘प्रोव्हाँस’चा धडा ‘गालिया’पर्यंत पोहोचला नव्हता. व्यापारी आणि सैनिकी जहाजांना काफिला करून, सोबत युद्धनौका देऊन नेण्याची पद्धत सर्रास सुरू झाली ती १९१७ मध्ये.

एक गोष्ट स्पष्ट करतो. कोफामेलने त्या दिवशी युद्धाचा कुठलाही कायदा मोडला नाही. ‘प्रोव्हाँस’वर तोफा होत्या, फौज होती. ते रास्त लक्ष्य होते. त्याआधी दोनच महिने, ३० डिसेंबर १९१५ रोजी, क्रीटजवळ बुडवलेल्या ‘पर्शिया’ची गोष्ट वेगळी. ते ब्रिटिश टपाल जहाज साध्या प्रवाशांना घेऊन येत होते, आणि कुठे? आपल्या मुंबईला. इशारा न देता टॉर्पेडो मारला आणि ३४३ माणसे गेली. त्यात भट्टीवर आणि डेकवर राबणारे आपले हिंदी खलाशीही होते.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रातच ज्यांची कबर झाली अशा दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांची नावे कोरलेली आहेत. त्या काळी कोकणच्या गावागावांतून माणसे आगबोटीवर नोकरीला जात. सुट्टीत मी एकदा मुद्दाम तिथे गेलो. बाहेर हातगाड्यांची गर्दी, हमालांचे आवाज, आणि आत नुसती नावे.

समुद्रात गेलेल्याचे घरच्यांना काहीच मिळत नाही. ना देह, ना ओळखपट्टी, ना कुणी “मी त्याला पडताना पाहिले” म्हणणारा. फ्रान्समध्ये बेपत्ता सैनिकाला मृत ठरवायला न्यायालयाचा निकाल लागे. तो मिळेपर्यंत बायको ना सधवा, ना विधवा. ‘प्रोव्हाँस’च्या कितीतरी घरांनी असे दिवस काढले असतील. म्हणून मी म्हणतो, जहाजावरची हजेरी हा कंटाळवाणा सोपस्कार नाही. कोण कुठल्या डेकवर होता, कोण वर आला, कोण नाही, हे कुणाला तरी सांगता यावे, यासाठी ती आहे. मेलेल्यासाठी नाही, घरी वाट पाहणाऱ्यासाठी.

आता संतरीच्या प्रश्नाकडे येतो. “हुकूम येईपर्यंत जागा सोडायची नाही” हे माझे उत्तर. पण जहाज कलल्यावर खालच्या डेकवर हुकूम घेऊन कोण येणार? शिड्या आडव्या झालेल्या, दिवे गेलेले. तो पोरगा शिस्तीचा होता. तो उभा राहिला असता, आणि बुडाला असता. त्याच्यावर मग मी चांगले चार शब्द लिहिले असते. ते शब्द ‘येतो, पोरांनो’ इतकेच सुंदर झाले असते आणि तितकेच निरुपयोगी.

दोन वर्षांनी पलटण त्याच मार्गाने परतली. यावेळी जहाज सुटायच्या आधीच मी कंपनीचा लेखी हुकूम काढला. प्रत्येक जवानाने आपल्या झोपण्याच्या जागेपासून डेकपर्यंतची वाट दिव्याशिवाय दोनदा चालून पाहायची. पाण्यात जाण्याआधी बूट काढायचे. आणि शेवटचे कलम, धोक्याची घंटा वाजली की हत्यारांवरच्या संतरीने पेट्यांना कुलूप तसेच ठेवून, कुणाच्याही हुकमाची वाट न पाहता, वर यायचे. हत्यारांचा हिशेब कंपनी कमांडर देईल.

सूबेदार साहेबांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला. म्हणाले, “साहेब, हे शेवटचं तोंडी सांगितलं तर नाही का चालणार? उद्या काही झालं तर सही तुमची आहे.”

मी म्हणालो, “साहेब, म्हणूनच लेखी देतोय.”

त्या दिवशी घंटा वाजल्यावर हजेरीत एकही माणूस कमी नव्हता.